नागवेकर सरांची जीभ

यंदाच्या शिमग्यातही कुणीतरी विचारलंच. मळ्यात क्रिकेटची स्पर्धा चालू होती, मी नेहमीसारखा पेन्सिल घेऊन धावा लिहायच्या टेबलापाशी बसलो होतो, आणि मुंबईहून आलेला एक तरुण उन्हातून येऊन माझ्या शेजारी सावलीला टेकला. "काय ओ सर, कॉमेंटरीला ते नागवेकर सर नाय का येत आता? ह्या पोराच्यात तशी मजा नाय." मी सांगितलं, सरांचं वय झालं, पुण्याला लेकीकडे असतात. ह्यातलं काही खोटं नव्हतं. फक्त ते वयामुळे थांबले नाहीत, एवढं सांगितलं नाही. सांगायला गेलो असतो तर हेही सांगावं लागलं असतं की बाबा रे, त्या दिवशी तूही ह्याच मळ्यात असशील आणि सगळ्यांबरोबर तूही ओरडला असशील.

नागवेकर सर आठवले की मला आधी हसू येतं आणि मग त्या हसण्याची लाज वाटते. गेली काही वर्षं हा क्रम बदललेला नाही.

आमचं हायस्कूल रत्नागिरीहून गणपतीपुळ्याच्या वाटेवर जरा आत आहे. जनार्दन नागवेकर तिथे इंग्रजी शिकवायचे आणि मी गणित. ते राहायला भाट्याला, खाडीच्या कडेला. सकाळच्या एसटीने यायचे. उंच, किडकिडीत, बारा महिने काखेत छत्री आणि शर्टाच्या खिशात खडीसाखर. महत्त्वाचं काही बोलायचं असलं की आधी एक खडा तोंडात टाकायचे. तो विरघळला की समजायचं, आता सर बोलणार. मुख्याध्यापिकाबाई तर म्हणायच्या, सभेत नागवेकरांचा हात खिशाकडे गेला की विषयपत्रिका गुंडाळून ठेवावी.

त्यांच्या तासाची सुरुवात 'जीभ धुण्या'ने व्हायची. पुस्तक मिटलेलं, वर्ग उभा, आणि सर इंग्रजीतलं एखादं असं वाक्य द्यायचे की म्हणता म्हणता जिभेची गाठ बसावी. ही वाक्यं त्यांनी कुठून आणलेली नसत, स्वतःच रचलेली असत. "सिक्स स्लिपरी सुरमईज स्लिप्ट साइडवेज." "शशीज शॉर्ट शर्ट शुअरली श्रंक." "बिग बांगडा बॉट अ बेटर बोट." मी एकदा विचारलं, इंग्रजीत सुरमई आणि बांगडा कशाला? म्हणाले, "प्रभाकर, पोरांची जीभ परक्या घरात जायला लाजते. दारात ओळखीचा मासा दिसला की आत शिरते."

त्यांची शिकवायची एक ठरलेली रीत होती. सर अर्धं म्हणायचे आणि थांबायचे, उरलेलं वर्गाने म्हणायचं. "मँगो मॅन, मँगो मॅन," असं म्हणून ते भुवया वर करायचे की पन्नास पोरं छप्पर उडवायची, "पॅक द पेटी, लोड द व्हॅन!" सर पुन्हा, "रोड इज राँग अँड रेन इज नीअर," आणि पोरं, "मँगो मॅन, डोन्ट स्टॉप हिअर!" शेजारच्या वर्गात माझं लसावि-मसावि चाललेलं असायचं. माझी पोरंही तिथूनच सूर लावायची. मी भिंतीवर डस्टर आपटायचो, आणि पलीकडून सरांचा आवाज यायचा, "सॉरी सर, सिली सायलेन्स स्टार्ट्स सून!" त्यावर कसलं रागवणार.

मुख्याध्यापिकाबाईंनी एकदा त्यांना बोलावून घेतलं. हे सगळं अभ्यासक्रमात कुठे आहे, असं विचारलं. सर म्हणाले, "बाई, मशागत कुठल्या पुस्तकात असते? बी टाकायच्या आधी ढेकळं फोडायला लागतात, तेवढंच मी करतो." बाईंनी विषय तिथेच सोडला. कारण आमच्या शाळेतली, भातशेतीच्या घरातली पोरं इंग्रजी बोलायला बिचकत नसत, हे त्यांनाही दिसत होतं. चुकायची भरपूर, पण मोठ्याने चुकायची. बोटीवर लागलेला आमचा एक विद्यार्थी अजून फोन करतो. तो सांगतो, कप्तानासमोर उभं राहायची वेळ आली की आधी मनात सुरमईचं वाक्य म्हणतो आणि मगच तोंड उघडतो.

मिरकरवाड्याच्या बाजारात सर मासे घ्यायला जात तेव्हा मी मुद्दाम बरोबर जायचो. तिथे मासे विकणाऱ्या एका दालदी मावशीशी त्यांची जुनी जुगलबंदी होती. सर टोपलीवर वाकून विचारायचे, "मावशी, फ्रेश फिश की फ्रीज फिश?" आणि ती हातातला कोयता न थांबवता म्हणायची, "फ्रेश फिश, पन फुकट फिश नाय, ता आदी आयका!" सर हरल्यासारखे छत्री टेकून उभे राहायचे आणि मला म्हणायचे, "बघ, हिला व्याकरण कुणी शिकवलं? कानाने शिकली."

शाळेतल्या प्रत्येकाला त्यांनी एकेक ओळ दिली होती. मी 'पंक्चुअल प्रभाकर, पेन्सिल इन पॉकेट'. माझी बायको अजून मला बाजाराला पाठवताना पंक्चुअल म्हणते. शिपाई, ग्रंथपाल, कँटीनवाला, सगळ्यांना नावाला साजेशी ओळ होती आणि सगळे ती मिरवायचे. ओळ मिळाली नाही तर लोक रुसायचे. आता वाटतं, तेव्हाच आमच्यापैकी कुणाला तरी कळायला हवं होतं की ह्या माणसाने एकदा नावाला काही जोडलं की ते निघत नाही. पण गोड चिकटलेलं कोण काढायला जातो?

सर कॉमेंटरीत शिरले ते अपघाताने. शिमग्याला आमच्याकडे मुंबईची माणसं येतात, पालखी घरोघर फिरते, आणि भात कापून सुकलेल्या मळ्यात वाडी-वाडीचे संघ टेनिसच्या चेंडूने खेळतात. एका वर्षी ठरलेल्या कॉमेंटरीवाल्याचा घसा बसला आणि कुणीतरी सरांच्या हातात माईक दिला. सरांनी एक खडा तोंडात टाकला आणि पहिल्याच झेलावर म्हणाले, "कदम कम्स, कदम कॅचेस, कदम क्विकली क्लोजेस मॅचेस!" मळा उसळला. नंतर चेंडू विहिरीत पडला तेव्हा, "बॉल इन द वेल, बॉल इन द वेल, हू विल फेच इट, डू प्लीज टेल!" असं म्हणून त्यांनी चेंडू निघेपर्यंत सगळ्या मळ्याकडून ते गाऊन घेतलं. त्या दिवसापासून दरवर्षी माईक सरांकडे आणि धावा लिहायचं काम माझ्याकडे. निवृत्तीनंतरही ते भाट्याहून यायचे. खेळाडू मैदानात जाताना टेबलापाशी वाकून सांगून जायचे, "सर, माज्या नावाचा कायतरी होऊ द्या."

बाळूने असं कधी सांगितलं नव्हतं.

बाळू धनावडे सरांचाच विद्यार्थी. शाळेत मागच्या बाकावर, कधी उजेडात न आलेला. त्याला ओळ मिळाली नव्हती आणि त्याने मागितलीही नव्हती. बाप लवकर गेला, घरी आई एकटी. तो मुंबईत कुठल्याशा कारखान्यात पॅकिंगला लागला आणि दर शिमग्याला न चुकता यायचा. त्या वर्षी त्याच्या वाडीचा संघ पहिल्यांदाच अंतिम सामन्यात आला होता. शेवटचा चेंडू होता आणि समोरच्यांना चौकार हवा होता. फलंदाजाने तो उंच मारला. चेंडू इतका वर गेला की खाली उभ्या असलेल्या बाळूला विचार करायला वेळ मिळाला, आणि तोच नडला. चेंडू दोन्ही तळव्यांवर बसला, उडाला आणि बांधापलीकडे गेला.

 चेंडू अजून घरंगळत होता तोच कर्ण्यातून सरांचा आवाज आला.

"बटरफिंगर बाळू, बाय अ बॉटल ऑफ ग्लू!"

ज्यांना इंग्रजी येत होतं, बटरफिंगर म्हणजे लोणी माखल्यासारखी बोटं हे कळत होतं, ते आधी हसले. ज्यांना येत नव्हतं त्यांनाही ग्लू कळला, कारण शाळेजवळच्या दुकानात डिंकाची बाटली त्याच नावाने मागतात. मग सगळाच मळा हसला. मी हसलो. हसता हसता पेन्सिल खाली पडली, एवढा हसलो. त्याच्याच हरलेल्या संघातली पोरंही हसली, आणि मला वाटतं बाळूला तेच जास्त लागलं असावं. सर मात्र पुढच्या मिनिटाला ते विसरले होते. त्यांच्या दृष्टीने ती जमलेली एक ओळ होती आणि अशा त्यांच्या दिवसाला वीस जमत.

कुणीतरी ते मोबाइलवर घेतलं होतं. रात्री त्याला ढोलाचा ठेका जोडला आणि दुसऱ्या दिवशी ते गावाच्या, वाडीच्या, मुंबईतल्या मंडळाच्या, सगळ्या ग्रुपवर गेलं. मुंबईतल्या ज्या खोलीवर वाडीची माणसं एकत्र राहायची तिथेही ते बाळूच्या आधी पोचलं. बाळूचा 'ग्लू' झाला. नाव बाळू, हाक ग्लू.

दोन वर्षांनी त्याचं लग्न झालं, इथेच, गावच्या मांडवात. सर आणि मी गेलो होतो. आहेर देताना त्याच्या मित्रांनी चकचकीत कागदात गुंडाळलेलं एक पुडकं दिलं आणि तिथेच उघडायला लावलं. आत डिंकाची बाटली होती. मांडव खदखदून हसला. नवरी हळूच त्याला विचारत होती की लोक का हसतात. बाळूने बाटली हातात धरून फोटोसाठी हसरं तोंड केलं आणि मग ती कुठे ठेवावी ते न कळून शेरवानीच्या खिशात घातली. सरांनी ते पाहिलं. पंगतीला बसले, पण जेवले नाहीत. परत येताना एसटीत मला म्हणाले, "प्रभाकर, मी मास्तर आहे की टवाळ?" मी म्हटलं, पोरं आहेत सर, विसरतील. मला तेव्हा खरंच तसं वाटलं होतं.

पोरं विसरली नाहीत आणि बाळू शिमग्याला यायचा बंद झाला. ज्यांना कोकणातला शिमगा ठाऊक नाही त्यांना ह्यात काय एवढं, असं वाटेल. गणपतीला नाही जमलं तर लोक समजून घेतात. पण शिमग्याला ग्रामदेवतेची पालखी आपल्या अंगणात येते, आणि तेव्हा घरचा पुरुष दारात नसेल तर त्या घराकडे लोक वेगळ्या नजरेने बघतात. एकदा बाळूची आई आम्हाला एसटीच्या थांब्यावर भेटली. शेवग्याच्या शेंगांची जुडी घेऊन रत्नागिरीच्या बाजाराला चालली होती. सरांनी बाळूची चौकशी केली.

"रजा नाय सांगतो," ती म्हणाली. "पन मला ठावं हाय ओ, रजा हाय. पालखी दारात आली नि पुतन्यान नारळ दिलान. मी आपली खांबामागं हुबी. मागल्या साली बी तसाच झाला." मग जरा थांबून, सरांकडे न बघता म्हणाली, "सर, तुमी शिकलेली मान्सा. पन ता तुमचा इंग्लिश गाना लय वायट झाला."

तिच्या बोलण्यात राग नव्हता. सर मान खाली घालून उभे होते आणि एसटी आली तरी चढले नाहीत.

तिथून पुढे सरांच्या जिभेला कुलूपच लागलं म्हणायचं. कॉमेंटरी करायचे, पण माणसांच्या नावांवर ओळ करायची नाही, असं त्यांनी ठरवून टाकलं. चेंडूवर, उन्हावर, पंचाच्या टोपीवर करायचे. खेळाडू हिरमुसायचे. बाळूची ओळ पुसायला त्यांनी एक उपायही केला. तो त्यांच्या स्वभावातलाच होता. त्यांनी बाळूवर चांगल्या ओळी रचल्या. घरी आरशासमोर म्हणून बघायचे, मला फोनवर ऐकवायचे. "ब्रेव्ह बाळू, बोल्ड बाळू, हार्ट ऑफ गोल्ड बाळू." एका सामन्यात त्यांनी ती माईकवरून म्हटलीसुद्धा. 'बाळू' हा शब्द ऐकल्याबरोबर कडेची पोरं ओरडली, "ग्लू! ग्लू!" सर मला हळूच म्हणाले, "प्रभाकर, वाईट ओळ चांगली जमली होती. चांगली ओळ वाईट जमतेय." विनोद करायचा म्हणून ते बोलले नव्हते. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं.

मग ते बाळूला फोन करायला लागले. सणासुदीला, त्याला मुलगी झाली तेव्हा, कधी उगाचच. बाळू दरवेळी नीट बोलायचा. "काय नाय सर. चालायचाच." सर माझ्या घरी आले असताना असाच एक फोन लावला होता. त्यांना कमी ऐकू यायला लागलं होतं, म्हणून आवाज बाहेर येईल असा ठेवला होता. सर म्हणाले, "बाळू, ह्या शिमग्याला ये. आईसाठी ये. मी माईकवरून सगळ्या गावासमोर माझे शब्द मागे घेतो."

 मग बाळू म्हणाला, "सर, मी येतो. आयेला बरा वाटंल. पोरीला पन पालखी दाखवायचीय. पन तुमी माईकवर कायपन बोलू नका. माजा नावच घेव नका. एवडा करा माज्यासाटी."

"शब्द देतो," सर म्हणाले.

आणि बाळू आला. बायको आली, चार-पाच वर्षांची मिली आली. त्यांच्या अंगणात पालखी आली तेव्हा आम्ही दोघं दगडी कुंपणाच्या गडग्यापाशी उभे होतो. बाळूने खांदा दिला, पालखी नाचवली, घामाने भिजला. गुरवाने घरासाठी ग्रामदेवतेला गाऱ्हाणं घातलं, सगळ्या वाडीने हुंकार दिला. बाळूची आई खांबामागे नव्हती, पुढे येऊन सुनेला देवीची ओटी भरायला सांगत होती. कुणी काही बोललं नाही, कुणी हसलं नाही. मिली ढोलापुढे नाचत होती. सर मला म्हणाले, "झालं रे, प्रभाकर. सुटलो." तिथेच ते गप्प बसले असते तर खरंच सुटले असते. मीच काय, सगळेच सुटलो असतो.

दुसऱ्या दिवशी अंतिम सामना होता. बाळू बघायला आला. मिलीला खांद्यावर घेऊन मळ्याच्या पार पलीकडच्या टोकाला, काजूच्या झाडाखाली उभा राहिला. सरांनी त्याला पाहिलं आणि त्यांचा चेहरा उजळला. सामना संपला. बक्षीस समारंभाची तयारी चालली होती, आणि माझ्या शेजारी सरांचा हात खिशाकडे गेला. खडीसाखरेचा खडा तोंडात गेला. मला कळलं. मी त्यांचं मनगट धरलं. "सर, नको. शब्द दिलाय तुम्ही."

"दोन वाक्यं," ते म्हणाले. "त्याला ऐकू तर दे, की मी चुकलो."

मी मनगट सोडलं. माईकची वायर माझ्या पायाशी होती. ती ओढता आली असती, पण आयुष्यभर ज्यांना सर म्हटलं त्यांच्या हातातला माईक बंद करायचं मला सुचलं नाही.

सरांनी घसा साफ केला. "मंडळी, आज मला एक गोष्ट मागे घ्यायची आहे. ह्याच मळ्यात मी माझ्या एका गुणी विद्यार्थ्याच्या नावाला एक ओळ चिकटवली. त्याचा त्याला फार त्रास झाला. चूक माझी. मी म्हणालो होतो, बटरफिंगर बाळू..."

आणि सर थांबले. पुढचं त्यांना म्हणायचं नव्हतंच. तिथे आवंढा आला म्हणून ते थांबले, हे मी शेजारी बसून बघत होतो. पण मळ्यात निम्मी माणसं त्यांच्या वर्गात शिकलेली. सरांनी अर्धं म्हणून थांबायचं आणि उरलेलं आपण पूर्ण करायचं, हे त्यांच्या अंगात मुरलेलं. शेकडो माणसं एका तोंडाने ओरडली, "बाय अ बॉटल ऑफ ग्लू!"

हशा पिकला. कुणीतरी ढोलावर ठेका धरला. सर ओरडत होते, "नाही! नो! ऐका, तसं नाही," आणि प्रत्येक 'नो'च्या पाठी मळा पुन्हा तेच म्हणत होता, कारण लोकांना वाटलं सर नेहमीसारखे खेळवतायत. कित्येक वर्षांनी जुने नागवेकर सर परत आले, असं त्यांना वाटलं. माणसं खूश होती. कुणाच्या मनात वाईट नव्हतं, हे मी शपथेवर सांगतो, आणि त्यामुळेच ते थांबवता येईना.

मी पलीकडे पाहिलं. मिली बापाच्या खांद्यावर बसून टाळ्या वाजवत होती. मुंबईच्या इंग्रजी शाळेतली पोर, तिला ओळ पटकन आली. तीही सगळ्यांबरोबर म्हणत होती, बापाच्या डोक्यावर ताल धरून. बाळूने तिला खाली उतरवलं, तिचा हात धरला आणि बांधावरून चालायला लागला. ती वळून वळून मळ्याकडे बघत अजून म्हणतच होती.

सरांनी माईक टेबलावर ठेवला. बंद करायचं राहिलं, तो कर्ण्यातून शिट्टी मारत राहिला. बक्षीस समारंभ मीच उरकला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सर पहिल्या एसटीने आले आणि मला म्हणाले, माझ्याबरोबर चल. मला जायचं नव्हतं. त्या घरी कुठल्या तोंडाने जायचं, असं झालं होतं, पण त्यांना एकटं सोडवेना. बाळूच्या अंगणात सामान बांधायचं चाललं होतं. तांदळाचं पोतं, फणस, एक पत्र्याची ट्रंक, आणि एका गाठोड्यात आईची लुगडी. लुगड्यांकडे पाहून मला काय ते समजलं.

"या सर. बसा," बाळू म्हणाला. सर बसले नाहीत.

"बाळू, मी शब्द मोडला."

"ऱ्हावंदे सर. तुमचा मन साफ व्हता, ता कळला मला."

"मला दोन शब्द बोल. शिव्या घाल."

"तुमाला कशा घालू?" बाळू म्हणाला. "तुमी सर." मग पोत्याच्या तोंडाला सुतळी आवळत म्हणाला, "आयेला नेतोय मुंबैला. घराला कुलूप घालतोय. आता काय येनं व्हनार नाय."

"आणि पालखी?" सरांच्या तोंडून निघून गेलं.

बाळू पोत्याला दुसरी गाठ मारायला लागला. आतून त्याच्या आईच्या नाक शिंकरण्याचा आवाज आला. एरवी पाहुणा आला की धावत बाहेर येणारी ती म्हातारी त्या दिवशी उंबऱ्याबाहेर आली नाही.

तेवढ्यात मिली बाहेर आली. नवा फ्रॉक, दोन वेण्या, हातात अर्धं खाल्लेलं बिस्किट. सरांना बघून तिचे डोळे चमकले. "तुम्ही कालचे माईकवाले सर ना?"

सर खाली वाकले. "हो. तुझं नाव काय?"

"मिली. माझ्या नावाचं पण करा ना."

मी गणिताचा माणूस, पण मलाही सुचलं. लिली, चिली, हिली. सरांना तर त्या एका क्षणात दहा सुचल्या असतील. त्यांचे ओठ एकदा हलले, मी पाहिलं. बाळूचा सुतळीवरचा हात थांबला होता.

"मला येत नाही, बाळा," सर म्हणाले.

मिलीने आधी त्यांच्याकडे आणि मग बापाकडे पाहिलं. तिला ते काही पटलं नाही. "पण पप्पांचं तर तुम्हीच केलंत ना?"

"हो," सर म्हणाले. "मीच केलं."

आणि अंगणात, तेवढ्याशा पोरीपुढे, सरांनी हात जोडले. तिला वाटलं सर नमस्कार करतायत. तिने बिस्किट तोंडात धरलं आणि शाळेत शिकवलं असेल तसे दोन्ही हात नीट जोडून त्यांना नमस्कार केला.